आवाज उतरवणारे साडभाऊ

गोंदिया जिल्ह्यात जेवढा आवाज होतो त्यातला निम्मा फुकटचा आहे, आणि तो कमी करण्याची जबाबदारी देवानं आपल्या एकट्याच्या डोक्यावर दिली आहे, अशी खात्री बाळगून जगणारा एक माणूस माझ्या नात्यात आहे. ते माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिकडे पुण्याकडे याच नात्याला साडू म्हणतात, पण त्यात भाऊपण येत नाही, म्हणून मी आपलं आमच्याकडचंच नाव चालवतो. कामठ्याला त्यांचं घर आणि धानाची शेती. उमेदीची वर्षं त्यांनी एका राइस मिलमध्ये वायरमन म्हणून काढली. त्या घरघराटात राहून माणूस एक तर बहिरा होतो, नाही तर साडभाऊंसारखा होतो. मिल सुटल्यावर खरं तर त्यांनी बांधावर जाऊन स्वस्थ बसायचं. पण त्यांनी धंदा निवडला तो नेमका वाजवणाऱ्यांचा. लग्नातले बँड, भजनी मंडळं, दंडारीचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे संच, गावोगावचे ऑर्केस्ट्रे यांच्याकडे जायचं आणि ते वाजवत असताना जागेवरच त्यांचं रेकॉर्डिंग करायचं. घरात ताटली पडली तरी ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, तो माणूस पुढचं सगळं आयुष्य ट्रम्पेटच्या तोंडाशी बसला.

त्यांच्या यंत्रावर एक बारीकसा लाल दिवा आहे. येणारा आवाज यंत्राला झेपेनासा झाला की तो लागतो. दिवा लागला म्हणजे आवाज फाटला, आणि एकदा फाटलेला आवाज मागाहून कोणतंही बटण फिरवून सांधता येत नाही. बारीक केला तर तो बारीक फाटका ऐकू येतो, एवढंच. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की आता मी ते झोपेतही सांगेन. "दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करून काय फायदा जी?" असं ते विचारतात. "आवाज दारातच उतरवा लागते." त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं डब्या बनवल्या आहेत. आमच्या दोघांच्या सासूबाई केशोरीला असतात आणि रोज सकाळी गुडाखूनं दात घासतात. तंबाखूचा हा काळा लगदा पत्र्याच्या गोल डबीत मिळतो. साडभाऊ त्या रिकाम्या डब्या धुऊन आणतात, आत चार-दोन रेझिस्टन्स डाग देऊन बसवतात, एका बाजूनं माइकची वायर आत घेतात आणि दुसऱ्या बाजूनं यंत्राकडे काढतात. आवाज आत शिरतो तो दांडगाई करत, बाहेर निघतो तो चपला हातात घेऊन. सासरहून मला घड्याळ मिळालं, कापड मिळालं. साडभाऊंनी मात्र आजवर रिकाम्या डब्यांखेरीज काही मागितल्याचं मला ठाऊक नाही. सासूबाईंनाही या जावयाचा अभिमान आहे. त्याच्यासाठी म्हणून त्या जरा जास्तच गुडाखू वापरतात, असं माझ्या बायकोचं मत आहे.

हा स्वभाव यंत्रापुरता राहिला असता तर प्रश्न नव्हता. त्यांच्या घरी मिक्सर गोधडीत गुंडाळून चालतो आणि दाराच्या घंटीत कापूस कोंबलेला आहे. एकदा ऐन मे महिन्यात भर दुपारी मी त्या दारात उभा राहून घंटी दाबदाबून घामानं निथळलो. शेवटी शेजाऱ्यानं भिंतीवरून हाक मारली तेव्हा साडभाऊ बाहेर आले. घंटी बंद आहे का, असं मी जरा घुश्शातच विचारलं. "बंद कायले राहील? बराबर वाजून राहिली," ते म्हणाले, "मी आतून आयकूनच राहिलो होतो." मग दार का उघडलं नाही, तर म्हणे, इतकी गोड वाजत होती की उठावंसं वाटलं नाही. त्यांच्या चुलतभावांमध्ये कालव्याच्या पाण्यावरून एकदा चांगलंच जुंपलं. साडभाऊ मध्ये पडले, पण पाण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "तुमी जरा मांगं सरा," असं एकाला म्हणाले, मग दुसऱ्याला म्हणाले, मग परत पहिल्याला. सरता सरता एक जण रस्त्याच्या पलीकडे पोचला आणि दुसरा गोठ्यात. कोण काय बोलतो ते कोणालाच कळेना, तेव्हा भांडण आपोआप थंडावलं. पाण्याचा निकाल अजून लागलेला नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी असाच घोळ घातला. नवरदेवाकडच्यांनी बँड आणला होता. साडभाऊंनी यंत्र मांडलं, कानाला हेडफोन लावले आणि ट्रम्पेटवाल्यांना हळूहळू मागं सरकवायला सुरुवात केली. तरी दिवा लागेच. मग त्यांना उलटं वळवून गोठ्याकडे तोंड करायला लावलं. आवाज गोठ्याच्या भिंतीवर आपटून मऊ होऊन परत येऊ लागला आणि साडभाऊंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इकडे नवरदेव घोड्यावर, व्याही फेटा बांधून उभे, आणि सगळा बँड त्यांच्याकडे पाठ करून म्हशींना वाजवून दाखवतो आहे. व्याही इतके चिडले की त्यांची समजूत काढता काढता माझ्या भावाची पुरेवाट झाली. ते रेकॉर्डिंग मात्र अप्रतिम झालं. त्यात एक म्हैस रवंथ करते, तेही ऐकू येतं.

लोकांना ते आवडेच असं नाही. गोंदिया शहरातल्या एका बँडमास्तरानं नव्या सीझनसाठी गिऱ्हाइकांना मोबाइलवर ऐकवायला म्हणून त्यांच्याकडून रेकॉर्डिंग करून घेतलं. आठवड्यानं तो तणतणत आला. "भाईसाब, इसमें तो सब कुछ सुनाई दे रहा है!" असं त्याचं गाऱ्हाणं होतं. फाटक्या गोंगाटात त्याच्या बँडच्या चुका आजवर झाकून जात होत्या. इथं कोणाची क्लॅरनेट कुठं घसरली ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. "तुमी तसेच वाजवून राहिले ना जी," साडभाऊ शांतपणे म्हणाले. मास्तर पुन्हा त्यांच्याकडे फिरकला नाही, आणि साडभाऊंना त्याचं वाईटही वाटलं नाही.

आता मी हे हसत सांगतो आहे खरा, पण गेल्या वर्षी बाईंच्या गळ्याला गाठ निघाली, तेव्हापासून साडभाऊंचं काहीही सांगताना माझं हसू मध्येच अडकतं. बाई म्हणजे साडभाऊंची बायको. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बायको म्हणते म्हणून मीही म्हणतो. आणि बाईंचा आवाज म्हणजे काय होता, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रोवणीच्या दिवसांत त्या बांधावर उभं राहून बायांना हाक मारायच्या तेव्हा दुसऱ्या टोल्यावरच्या, म्हणजे पलीकडच्या वस्तीतल्या मजूरबायासुद्धा चुकून निघून यायच्या. कामठ्याच्या बायांच्या भजनी मंडळात त्या पुढं म्हणायच्या आणि बाकीच्या त्यांच्या मागून. तो आवाज मोठा होता, पण कर्कश मुळीच नव्हता. भरलेला, मोकळा, जरा उन्हात तापलेला आवाज. साडभाऊंच्या भाषेत 'गरम', म्हणजे लाल दिवा हमखास लावणारा.

तेव्हा साडभाऊंनी काय करायचं? मंडळाचं पहिलं रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी त्यांनी बाईंना माइकपासून उठवून दारात बसवलं, आणि तेव्हापासून मंडळ कुठंही गायला गेलं तरी बाईंची जागा उंबऱ्यात ठरून गेली. पुढं म्हणणारी बाई सगळ्यांच्या मागं, आणि मागून म्हणणाऱ्या पुढं, असं ते विचित्र मंडळ होतं. बायकांना मान वळवून बघावं लागे की आता कोणती ओळ. माझी बायको यावरून साडभाऊंवर नेहमी चिडायची. "माह्या बाईले चपलांपाशी बसवते हा मानूस," असं ती म्हणायची, आणि ते अक्षरशः खरं होतं. नागऱ्याच्या देवळात महाशिवरात्रीच्या यात्रेत बाई एकदा अशाच अगदी मागं, जोडे काढायच्या जागी बसून गात होत्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, ही बाई चपला सांभाळायलाच बसली आहे. लोक तिच्यापुढं चपला ठेवून दर्शनाला जाऊ लागले. हे बाईंनीच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. "मंग काय करू? गात बी होती अना चपला बी पाहून राहिली होती. एक बी हरपली नाई."

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ वाईट नाही, पण काढावी लागेल. मात्र आवाजाची नस त्या गाठीला अगदी लागून जाते, तेव्हा ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाईंनी कापणी होईस्तोवर थांबता येईल का, एवढं विचारलं. साडभाऊंनी विचारलं, "कितीक उतरंल जी?" ते आधी कसं सांगणार, असं डॉक्टर म्हणाले. कोणता आवाज कोणत्या डबीतून किती उतरेल हे ज्याला न बघता कळायचं, तो माणूस त्या खुर्चीत असा काही बसून राहिला की मला त्याच्याकडे बघवेना.

कामठ्याला परतल्यावर त्यांनी इतक्या वर्षांची सगळी रेकॉर्डिंग काढली आणि कानाला हेडफोन लावून बसले. त्यांना बाईंचा आवाज हवा होता. ऑपरेशनच्या आधीचा, पुढं कधीही ऐकता येईल असा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी हेडफोन माझ्या कानावर ठेवले. ढोलकी कशी टपोरी वाजत होती. टाळांचा किणकिणाट सुटा सुटा ऐकू येत होता. प्रत्येक बाईचा गळा ओळखू यावा इतकं ते स्वच्छ होतं. आणि या सगळ्याच्या मागं, कोणीतरी पलीकडच्या घरात गावं तसा, बाईंचा आवाज होता. "येऊन राहिला का?" त्यांनी विचारलं. येतोय की, मी म्हणालो. "कोठी?" कुठं येतोय, असं म्हणून त्यांनी हेडफोन परत घेतले. बाईंचा आवाज वर उचलावा तर त्याच्याबरोबर टाळही वर येत होते. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तसंच. त्यांतल्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये लाल दिवा लागला नव्हता, आणि बाई कुठंही नव्हत्या.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी बाईंचं एकटीचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. धान कापून झाला होता, अंगणभर वाळत घातला होता. सकाळची वेळ. पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर साडभाऊंनी सतरंजी घातली, माइक ठेवला, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत डबी काढून बाजूला ठेवली. वायर सरळ यंत्रात लावली. त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाई इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या आणि सवयीनं उंबऱ्यात बसल्या.

"तिथं नाई. इकडे ये," साडभाऊ म्हणाले.

बाई माइकपुढं येऊन बसल्या आणि गाऊ लागल्या. अगदी हळू. शेजारी झोपलेलं मूल उठू नये म्हणून गावं, तेवढंच. साडभाऊंनी हात वर करून थांबवलं. "मोकरी गा ना." बाईंनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. त्यांनी समजावलं, विनवलं, शेवटी थोडे रागावलेसुद्धा. बाईंनाही जमेना. तोंड उघडायच्या, मोठा श्वास घ्यायच्या, आणि आवाज मात्र पायरीवरून मागं फिरल्यासारखा बारीक होऊन निघायचा.

"काऊन जमून नाई राहिलं?" साडभाऊंनी विचारलं.

"कसं जमंल?" बाई म्हणाल्या. "तुमची नजर त्या दिव्यावर रायते ना जी. मंग माही बी रायते. येवढी वरसं झाली."

साडभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढून यंत्रावर टाकला. दिवा दिसेनासा झाला. बाईंनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. आवाज होता तेवढाच राहिला. माझी बायको उठून आत निघून गेली. मला वाटलं, आता हे थांबवावं. त्या माणसानं कोणाचं वाईट केलं नव्हतं. एक चांगली गोष्ट त्यानं इतकी नीट केली होती की ती आता त्याच्या हातून सुटत नव्हती.

तेवढ्यात अंगणाच्या उघड्या फाटकातून एक शेळी आत शिरली आणि वाळत्या धानात तोंड घालून उभी राहिली. ती फक्त बाईंना दिसली. "हाऽऽड! हाऽऽड!" बाई माइकपुढून अर्धवट उठत ओरडल्या, "अवो शेरी घुसली ना! सारा धान खाऊन राहिली! धावा ना जी कोनीऽऽ!" तो आवाज! वळचणीची पाखरं उडाली. शेजारचं कोणीतरी काठी घेऊन पळत आलं. दुपट्ट्याच्या विरल्या कापडातून लाल दिवा लखलखीत दिसत होता आणि विझायचं नाव घेत नव्हता. मी अंगणाकडे धावता धावता मागं वळून बघितलं. माझी समजूत अशी, की एवढा आवाज कानात घुसल्यावर साडभाऊ हेडफोन ओरबाडून फेकतील. ते दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून, डोळे मिटून बसले होते.

शेळीनं जायच्या आधी बराच धान खाल्ला. "बसूनच रायले," बाई करवादल्या, "धान गेला ना!" "जाऊ दे," साडभाऊ म्हणाले. ते रेकॉर्डिंग त्यांनी ठेवलं आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत फाटलेलं आहे. दुसऱ्या कोणाचं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं पुसून टाकलं असतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, बाई घरी आल्या, महिनाभरानं रांधायलाही लागल्या. आवाज मात्र राहिला नाही. आधी नुसती हवा निघायची. मग हळूहळू एक कोरडा, बसलेला, बारीक आवाज आला आणि तेवढ्यावरच थांबला. यापुढं एवढाच, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता त्या बांधावरून हाक मारत नाहीत. जवळ जाऊन हाताला धरून बोलावतात. घरातल्या घंटीतला कापूस साडभाऊंनी काढून टाकला. का ते मी विचारलं नाही.

महाशिवरात्र आली. बाई म्हणाल्या, मी घरीच राहते, दुसऱ्या कोणी पुढं म्हणा. मंडळातल्या बायांनी ऐकलं नाही. त्यांनी बाईंना गाडीत घातलं, नागऱ्याला नेलं, आणि देवळाच्या आवारात सतरंजीवर अगदी मधोमध बसवलं. साडभाऊंनी नेहमीसारखं यंत्र मांडलं. मला भीती वाटत होती. यात्रेतली दुपार, शेकडो माणसं, पलीकडे खेळण्यांची दुकानं, मुलांच्या पिपाण्या. त्यात हा एवढासा आवाज कोणाला ऐकू जाणार, आणि तो ऐकू जात नाही हे बाईंना कळल्यावर त्यांचं काय होणार? बाईंनी पहिली ओळ म्हटली. मला ती ओठांवर दिसली, ऐकू काही आली नाही.

मग मागून म्हणणाऱ्या बायांनी ती ओळ उचलली, आणि त्यांनी ती बाईंपेक्षाही हळू उचलली. कोणी कोणाला खुणावलं नव्हतं. ढोलकीवालीनं थाप सोडून नुसती बोटं टेकवायला सुरुवात केली. टाळवालीनं टाळ मांडीवर ठेवून दिले आणि ती तळव्यानं ताल धरू लागली. मोठमोठ्या गळ्यांच्या त्या शेतकरी बाया, एरवी चार शेतं ओलांडून भांडणाऱ्या, बाईंच्या त्या कोरड्या आवाजाच्या खाली जाऊन बसल्या. दुसऱ्या कडव्याला तो आवाज ऐकू येऊ लागला. तिसऱ्याला आजूबाजूची माणसं बोलायची थांबली, जवळ सरकली, आणि एका बापानं आपल्या पोराच्या तोंडातली पिपाणी हळूच काढून घेतली. बाई गात राहिल्या. त्यांच्या मानेवरचा व्रण गाताना वरखाली होत होता. साडभाऊ यंत्राशी बसले होते, हात मांडीवर ठेवून, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

भजन संपल्यावर गर्दी पांगली. बाया प्रसादाला गेल्या. मी साडभाऊंजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, हे रेकॉर्डिंग मला द्या हो, घरी सगळ्यांना ऐकवतो.

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. मग यंत्राकडे पाहिलं.

"केलोच नाई जी," ते म्हणाले. "आयकत होतो."

त्या दुपारचं ते भजन मला अजूनही अधूनमधून ऐकावंसं वाटतं. त्याची आता काही सोय नाही.